एका सीपीयूत दोन विंडोज

मराठी डीटीपीच्या दुकानांत ही जोडणी अजून दिसते. टेबलाखालच्या सीपीयूत एक जुनी हार्ड डिस्क. तिच्यावर विंडोज ७, पेजमेकर, श्रीलिपी आणि कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. शेजारी मागाहून बसवलेली एसएसडी. तिच्यावर विंडोज १० किंवा ११, युनिकोड, ईमेल, जीएसटीचं पोर्टल. जुनी डिस्क काढून टाकावी तर जुन्या फायली उघडायची सोय जाते. त्या काळचे फाँट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली, की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड दिसते. म्हणून दोन्ही डिस्क ठेवायच्या आणि कामाप्रमाणे कधी हिच्यावरून, कधी तिच्यावरून मशीन चालू करायचं. यासाठी दरवेळी दुरुस्तीवाल्याला बोलावण्याची गरज नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हे विंडोज ठरवत नाही, मदरबोर्ड ठरवतो. बटण दाबलं की बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम आधी जागा होतो. जुन्या पद्धतीत त्याला बायोस म्हणतात, नव्या पद्धतीत यूईएफआय. बोलताना मात्र सगळे दोन्हींना बायोसच म्हणतात. त्याच्याकडे डिस्कची क्रमवार यादी असते. जुना बायोस यादीतल्या पहिल्या डिस्कचा अगदी सुरुवातीचा ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो आणि तिथे लिहिलेल्या सूचनांच्या हाती कारभार देतो. यूईएफआय तसं करत नाही. ते डिस्कवर फॅट३२ पद्धतीचा एक छोटा, एरवी न दिसणारा भाग शोधतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. विंडोज तो बनवते तेव्हा बहुधा १०० एमबीचा असतो. त्या भागात विंडोज सुरू करणारी फाइल असते आणि तिचा पत्ता बोर्ड स्वतःच्या स्मृतीत जपून ठेवतो.

बोर्डाने डिस्क निवडल्यानंतर त्या डिस्कवरची विंडोज कधी कधी स्वतःची एक यादी दाखवते, निळ्या पडद्यावर ‘विंडोज १०, विंडोज ७’ अशी. हा दुसरा टप्पा झाला. दोन विंडोज असलेली बहुतेक मशीनं याच यादीवर चालवली जातात आणि माझा विरोध तिथेच आहे. या यादीत दोन्ही विंडोजची सुरुवात एकाच डिस्कवर अवलंबून असते. ती डिस्क गेली की दुसरी धडधाकट असूनही मशीन सुरू होत नाही. जुनी फिरती डिस्क आज ना उद्या जाणारच. तेव्हा प्रत्येक डिस्क स्वतःच्या पायावर सुरू होणारी असावी आणि निवड बोर्डाकडे ठेवावी.

आता तयारी. महत्त्वाच्या फायलींची प्रत तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कवर, काढून ठेवा. डिस्क निवडण्याने फायली पुसल्या जात नाहीत, पण याच सेटिंगच्या आसपास नको ती बटणं असतात.

विंडोज ११ असेल, आणि विशेषतः लॅपटॉप असेल, तर डिस्क कुलूपबंद आहे का ते पाहा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ असं शोधा. अनेक नव्या मशीनवर मालकाने काही न करताच ते चालू झालेलं असतं. सुरुवातीचा क्रम किंवा सिक्युअर बूटसारखं सेटिंग बदललं, की बिटलॉकरला मशीनमध्ये कोणीतरी ढवळाढवळ केल्याचा संशय येतो आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. आधी तिथे जाऊन ती कागदावर उतरवून घ्या. ज्या मशीनमध्ये अडकाल त्याच मशीनवर ती ठेवून उपयोग नाही.

पुढचं काम ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याचं. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. निम्मी स्थिती डिस्कवर लिहून ठेवून झोपते, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर उठता येतं. एकच विंडोज असेल तर ही सोय चांगली. पण नवी विंडोज अशी अर्धवट झोपलेली असताना तुम्ही जुन्या विंडोजमध्ये शिरलात आणि तिथून एसएसडीवर काही लिहिलंत, तर सकाळी नवी विंडोज जुनाच हिशेब धरून उठते आणि फायली बिघडतात. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा. दोन विंडोज असलेल्या मशीनवर हे केलंच पाहिजे.

मग डिस्कची ओळख करून घ्या. विंडोजमध्ये दिसणारं सी, डी, ई बोर्डाला ठाऊक नसतं. त्याच्या पडद्यावर फक्त कंपनीने दिलेला मॉडेल क्रमांक दिसतो, ‘डब्ल्यूडीसी डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स’ किंवा ‘एसटी५००डीएम००२’ असा. त्यातही वाचण्यासारखं असतं. पहिल्यातला १० म्हणजे १ टीबी, दुसऱ्यातला ५०० म्हणजे ५०० जीबी. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्क ड्राइव्ह्ज’खालची दोन्ही नावं लिहून घ्या आणि समोर ‘जुनी’, ‘नवी’ असं लिहा. दोन्ही डिस्क एकाच मॉडेलच्या असतील तर सीपीयू बंद करून, प्लग काढून, बाजूचं झाकण उघडा आणि कोणाची वायर बोर्डावरच्या कोणत्या सॅटा पोर्टला गेली आहे ते पाहा. पोर्टशेजारी बारीक अक्षरांत क्रमांक छापलेला असतो आणि बायोसच्या यादीतही बहुधा तोच दिसतो.

आणखी एक गोंधळ इथेच टाळता येतो. प्रत्येक विंडोज स्वतःच्या डिस्कला सी म्हणते. विंडोज ७ मधून पाहिलं तर सी जुनी डिस्क, विंडोज १० मधून पाहिलं तर सी एसएसडी. ‘सी ड्राइव्हवर ठेवलंय’ या निरोपाला मग काही अर्थ उरत नाही. ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर उजवं क्लिक करून ‘रीनेम’ने तिला ‘जुनी सात’, ‘नवी दहा’ अशी नावं द्या. ती दोन्हीकडून सारखीच दिसतात. जुन्या विंडोजचा वॉलपेपर भडक लाल करून टाकला तर दुकानातल्या मुलालाही आपण कुठे आहोत ते लगेच कळतं.

आता प्रत्यक्ष निवड. सुरुवात बायोसच्या सेटिंगपासून करू नका. जवळजवळ प्रत्येक मशीनला एकदाच लागू होणारा बूट मेनू असतो, तो वापरा. मशीन चालू केल्याबरोबर, विंडोजचं चिन्ह दिसण्याआधी, ठरलेली कळ टकटक दाबत राहायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-१२. एचपीवर एफ-९, किंवा आधी एस्केप दाबून मग एफ-९. असेंबल केलेल्या मशीनवर बोर्ड कोणाचा ते महत्त्वाचं: गिगाबाइट असेल तर एफ-१२, असुस असेल तर एफ-८, एमएसआय किंवा एएसरॉक असेल तर एफ-११. असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ-१२ चालते, पण आधी सेटअपमध्ये ‘एफ-१२ बूट मेनू’ चालू करावं लागतं. लॅपटॉपवर आवाज-उजेडाच्या कळा आणि एफच्या कळा एकच असतील तर ‘एफएन’ धरून दाबून पाहा.

कळ दाबूनही थेट विंडोजच उघडत असेल तर दोष बहुधा कीबोर्डाचा असतो. ब्लूटूथ कीबोर्ड या वेळी जागा झालेला नसतो. वायरवाला कीबोर्ड घ्या आणि सीपीयूच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. तरीही चुकत असेल तर विंडोज १० किंवा ११ मधूनच वाट आहे: शिफ्ट दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ आलं तर तिथून डिस्क निवडता येते. ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ या वाटेने थेट बायोसमध्येही जाता येतं. मशीन यूईएफआय पद्धतीवर असेल तरच या ओळी दिसतात.

बूट मेनूत दिसतं ते साधारण असं: पहिली ओळ ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि पुढे कंसात एसएसडीचं नाव, दुसरी ओळ ‘पी०’ किंवा ‘पी१’ आणि जुन्या डिस्कचं नाव, खाली डीव्हीडी आणि पेन ड्राइव्ह. ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ नव्या पद्धतीची, नुसतं मॉडेलचं नाव असलेली जुन्या पद्धतीची. बाणाच्या कळांनी हवी ती ओळ निवडा, एंटर दाबा. ही निवड त्या एका वेळेपुरतीच. पुढच्या वेळी मशीन आपल्या नेहमीच्या डिस्कवरूनच उठतं.

आठवड्यातून दोन-चारदा जुन्या पत्रिकेत नाव बदलण्यापुरती जुनी डिस्क लागत असेल तर काम इथेच संपलं. बायोसमध्ये काहीही बदलू नका. ‘नेहमीची’ डिस्कच बदलायची असेल, उदाहरणार्थ एसएसडी बसवूनही मशीन अजून जुन्या डिस्कवरूनच उठत असेल, तरच पुढे वाचा.

सेटअपमध्ये जाण्यासाठी असेंबल्ड मशीनवर बहुधा डिलीट, डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१०, लेनोवोवर मॉडेलप्रमाणे एफ-१ किंवा एफ-२. आत गेल्यावर पहिलं काम मोबाइल काढून प्रत्येक पानाचा फोटो घ्यायचा. काही बिघडलं तर पूर्वस्थिती दाखवणारी तेवढीच गोष्ट हाताशी असते. मग ‘बूट’ नावाचं पान शोधा. तिथे ‘बूट ऑप्शन १’, ‘बूट ऑप्शन २’ अशा ओळी असतात. पहिल्या ओळीवर एंटर दाबून हवी ती डिस्क निवडा, किंवा बोर्डाप्रमाणे अधिक-उणे चिन्हांच्या कळांनी ती वर आणा. कोणती कळ काय करते ते उजवीकडे किंवा तळाशी लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय दाबू नका. एका बोर्डावर एफ-५ ने क्रम खाली-वर होतो, तर दुसऱ्यावर तीच कळ सगळी सेटिंगं कारखान्यातून आली तशी करून टाकते. शेवटी बहुतेक ठिकाणी एफ-१० दाबून ‘येस’ म्हणायचं.

जुन्या बोर्डांवर इथे हमखास अडकायला होतं. ‘बूट डिव्हाइस प्रायॉरिटी’च्या यादीत हार्ड डिस्क एकच दिसते, दुसरी नाहीच. वायर सैल आहे का, डिस्क गेली का, अशी शोधाशोध सुरू होते. डिस्क जागच्या जागी असते. अशा बायोसमध्ये याद्या दोन असतात. एका यादीत हार्ड डिस्क, डीव्हीडी, यूएसबी यांचा आपापसांतला क्रम. दुसऱ्या यादीत, ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ किंवा ‘हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ नावाच्या, फक्त हार्ड डिस्कांचा. या दुसऱ्या यादीत जी पहिली, तीच पहिल्या यादीत दिसते. म्हणजे आधी दुसऱ्या यादीत एसएसडी वर आणायची आणि मग पहिल्या यादीत यायचं.

तिथेच ‘सॅटा मोड’ नावाची ओळ असेल. एएचसीआय, आयडीई, रेड असे पर्याय तिच्यात असतात. तिला हात लावू नका. विंडोज ज्या पर्यायावर बसवली आहे तो बदलला, की बहुधा सुरू होतानाच निळा पडदा येतो. चुकून बदललाच तर फोटो पाहून परत पूर्वीसारखा करा, विंडोज पुन्हा उठते.

यानंतरची अडचण जुन्या-नव्या पद्धतींच्या संसाराची. विंडोज ७ ची डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची असते आणि जुन्या बायोसच्या रीतीने सुरू होते. विंडोज ११ ची डिस्क जीपीटी, यूईएफआयची. खात्री करायची तर नव्या विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, डावीकडे ‘डिस्क ०’ किंवा ‘डिस्क १’वर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘व्हॉल्यूम्स’. तिथे ‘पार्टिशन स्टाइल’समोर एमबीआर की जीपीटी ते लिहिलेलं असतं. दोन्ही एकाच बोर्डावर चालवायच्या तर ‘सीएसएम’ नावाचं सेटिंग चालू असावं लागतं, आणि ते चालू करायचं तर सिक्युअर बूट बंद करावं लागतं. विंडोज ११ बसवताना मशीन सिक्युअर बूटच्या लायकीचं लागतं. बसल्यावर ते बंद असलं तरी ती चालते. बिटलॉकरची की मात्र हाताशी ठेवा. सीएसएम चालू केल्यावर बूट मेनूत जुनी डिस्क दिसू लागते. गेल्या काही वर्षांतल्या अनेक बोर्डांवर सीएसएम उरलेलंच नाही. अशा मशीनला विंडोज ७ ची डिस्क जोडली तर तिच्यावरच्या फायली वाचता येतील, तिच्यावरून सुरू मात्र होता येणार नाही. तिथे जुना सीपीयू वेगळा सांभाळणं हाच शहाणपणाचा मार्ग.

आता ज्या एका गोष्टीमुळे लोक सर्वाधिक फसतात ती. एसएसडीवर विंडोज आहे, सी ड्राइव्ह एसएसडीच दाखवते, मशीन भराभर उठतं. आणि एक दिवस जुनी डिस्क काढली, की पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. कारण असं, की एसएसडीवर विंडोज बसवताना जुनी डिस्क जोडलेलीच होती. विंडोजच्या इन्स्टॉलरला तिच्यावर आधीपासून सुरुवातीचा भाग सापडला आणि त्याने आपली सुरू करणारी फाइल तिथेच ठेवून दिली. मोठा पसारा नव्या डिस्कवर, पण सुरुवात जुनीवरच.

हे आधीच तपासता येतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ एसएसडीच्या ओळीत आहे का ते पाहा. जुन्या पद्धतीच्या मशीनवर ‘सिस्टिम’ हा शब्द कोणत्या डिस्कच्या खणात लिहिलाय ते पाहा. मशीन सुरू होतं ते त्या खणावरून, ‘बूट’ लिहिलेल्या खणावरून नव्हे. खरी परीक्षा मात्र वायर काढूनच होते: मशीन बंद, प्लग बाहेर, जुन्या डिस्कची सॅटा वायर काढा आणि चालू करा. विंडोज उठली तर प्रश्न मिटला. नाही उठली तर मशीन पुन्हा बंद करून वायर परत लावा; काही बिघडलेलं नाही.

न उठल्यास दोन मार्ग. एसएसडीवरची विंडोज नवी असेल, तिच्यावर फार काही साठलं नसेल, तर जुनी डिस्क काढून ठेवून विंडोज पुन्हा बसवा. वेळ जातो, पण काम पक्कं होतं. दुसरा मार्ग एसएसडीवर छोटा भाग मोकळा करून तिथे ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने सुरुवातीच्या फायली नव्याने लिहिण्याचा. हे काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून होतं आणि त्यात डिस्कचा क्रमांक चुकला तर भलतीच डिस्क साफ होते. सवय नसेल तर हे जाणत्या माणसाकडून, आपल्यासमोर करून घ्या. दुकानात नवी एसएसडी बसवायला देताना आधीच सांगा: विंडोज टाकताना जुन्या डिस्कची वायर काढलेली पाहिजे.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करून घेतली असेल तर नकलेनंतर पहिल्यांदा मशीन जुनी डिस्क काढूनच चालू करा. दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख तंतोतंत सारखी असते. एकत्र दिसल्या तर विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करून बाजूला ठेवते.

लावलेला क्रम काही दिवसांनी आपोआप विसरला जातो, आणि घड्याळही मागच्या कुठल्यातरी सालात गेलेलं असतं? मग बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. नवा घाला आणि क्रम पुन्हा लावा. मशीन काळ्या पडद्यावर नुसतंच थांबलं असेल तर त्याआधी यूएसबी पोर्ट पाहा. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह तसाच राहिलेला असतो आणि बोर्ड त्याच्यावर विंडोज शोधत बसतो.

मॅकवर हे सगळं सोपं आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पर्यायांचा पडदा येईपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरा. इंटेलचा असेल तर चालू करताच ‘ऑप्शन’ कळ धरा.

जुन्या डिस्कवरून काम करताना दोन पथ्यं पाळा. विंडोज ७ ने नव्या डिस्कच्या एखाद्या भागाबद्दल ‘फॉर्मॅट करू का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तिला तो भाग वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि नेटची वायर काढून ठेवा. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबली आहे, आणि विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पत्रिकेची पीडीएफ पाठवायची असेल तर ती नव्या डिस्कवर कॉपी करा, मशीन पुन्हा सुरू करून एसएसडीवर या आणि तिथूनच ईमेल करा.